पदराचा धागा

“आपल्यातली सगळ्यांत मोठी माणसं अंगावर सूतभर कापड ठेवत नाहीत, आणि हिला म्हणे कपडे करायचं कॉलेज पाहिजे!”

सासूबाई हे बोलल्या तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्यामुळं घरातले मोठे निर्णय आणि मोठी भांडणं, दोन्ही उजेडातच होतात. लेकीनं आमटीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “महाराजांना नको म्हणून काय झालं आज्जी? तुला लागतंय की.” सासूबाईंना हसू आलं. यांना आलं नाही. यांनी जेवण संपवलं, हात धुतला आणि मला तीन प्रश्न दिले. खर्च किती? मुलगी राहणार कुठं? आणि शिकून झाल्यावर पुढं काय? “या तिन्हींची उत्तरं आण, मग बघू,” म्हणाले आणि दुकानाकडं गेले.

लेक तेव्हा पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला होती, सायन्सला. बेळगावात सायन्स घेतलेल्या मुलीला पुढं काय असं कोणी विचारत नाही. डॉक्टर की इंजिनिअर, एवढंच विचारतात. फॅशन डिझाईन म्हटल्यावर आमच्या नात्यात दोनच चित्रं उभी राहिली. एक, टीव्हीवर चालणाऱ्या उंच हडकुळ्या मुली. दुसरं, गल्लीच्या तोंडाशी मशीन घेऊन बसणाऱ्या आमच्या टेलरबाई. “त्यासाठी बेंगळूरला कशाला जायला पाहिजे? त्या शिकवतील की दोन महिन्यांत,” असं माझी जाऊ म्हणाली. मामेभावानं मधला मार्ग सुचवला, “इचलकरंजीला टेक्स्टाईल इंजिनिअरिंग आहे. नावात इंजिनिअरिंग पण येतंय आणि कापड पण येतंय.”

मी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर यांचे तीन प्रश्न लिहिले आणि शोधायला लागले. मला या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. पण पाच-सहा आठवड्यांत त्या वहीची ऐंशी पानं भरली.

पहिली गोष्ट कळली ती ही, की फॅशन डिझाईन हा एकच विषय नाही. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाची निफ्ट ही संस्था १९८६ साली दिल्लीत सुरू झाली. २००६ च्या कायद्यानं तिला स्वतःची पदवी द्यायचा अधिकार मिळाला. आता देशभर तिची दीड डझनाहून जास्त केंद्रं आहेत. तिथल्या चार वर्षांच्या बी. डिझाईनमध्ये फॅशन डिझाईन वेगळं, टेक्स्टाईल वेगळं, निटवेअर वेगळं, लेदर वेगळं, दागिने-पिशव्यांसारख्या वस्तूंचं वेगळं आणि फॅशन कम्युनिकेशन वेगळं. प्रत्येक केंद्रात सगळे कोर्स नसतात. कारखान्यातल्या उत्पादनाचा एक बी. एफ. टेक. आहे, त्याला बारावीत गणित लागतं. बाकीच्यांना कोणतीही शाखा चालते. हे वाचल्यावर लेक मोठा सुस्कारा सोडून म्हणाली, “म्हणजे फिजिक्समध्ये काठावर पास झालं तरी चालतंय.” मी तेवढं वाक्य वहीत लिहिलं नाही.

चुकाही केल्या. अहमदाबादची एनआयडी ही १९६१ ची, नावाजलेली संस्था. तिथं फॅशन असणारच, असं धरून मी तिची परीक्षा, तारखा, सगळं उतरवून काढलं. मग लेकीनं दाखवलं की तिथं बारावीनंतर टेक्स्टाईल डिझाईन आहे, कपड्यांचं डिझाईन पुढं पदव्युत्तरला आहे, आणि तेही गांधीनगरच्या आवारात. मी रबरानं खोडत बसले. ती म्हणाली, “खोडू नको. टेक्स्टाईल पण असू दे.” त्या ‘पण’कडं माझं तेव्हा लक्ष गेलं नाही.

एका रविवारी इथल्या एका हॉटेलात खाजगी कॉलेजवाल्यांनी माहितीसत्र ठेवलं होतं. गुळगुळीत पुस्तिका, दारात गुलाबाचं फूल, पडद्यावर परदेशातले फोटो. बोलणारा मुलगा इतका गोड बोलत होता की माझ्या शेजारच्या बाईंनी तिथल्या तिथं पाच हजार भरले. मी वहीतले प्रश्न काढले. पदवी कोणत्या विद्यापीठाची? की नुसता डिप्लोमा? आपल्याकडं पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठाला असतो, नाहीतर संसदेच्या कायद्यानं तसा अधिकार मिळालेल्या संस्थेला. कॉलेजचं नाव कितीही इंग्रजी असलं तरी आपल्या मनानं त्याला पदवी देता येत नाही. एका वर्गात मुलं किती आणि मशिनं किती? सत्राची फी सोडून कापड, रंग, मॉडेल, पोर्टफोलिओ यांचा खर्च कोणाचा? पास झालेली मुलं कुठं काम करतात, आणि काय म्हणून? तो मुलगा प्रत्येक प्रश्नाला “मॅडम, ते आपण पर्सनली बोलू” म्हणाला. आम्ही पुस्तिका घेऊन परत आलो. कागद जाड होता, लेकीनं त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढली.

निफ्टच्या परीक्षेत चित्रं काढावी लागतात. कल्पकतेचा पेपर तीन तासांचा, त्याला पन्नास टक्के वजन. सामान्य ज्ञान, गणित, इंग्रजी वगैरेंचा दुसरा, त्याला तीस टक्के. त्यांतून पुढं गेलात तर समोर ठेवलेल्या सामानातून वस्तू करून दाखवायची, तिला वीस टक्के. क्लास लावायचे तर त्याची फी ऐकून यांच्या कपाळाला आठी आली असती. म्हणून आम्ही दोघींनी घरचा क्लास काढला. मी वस्तूचं नाव सांगायची, ती काढायची. पाट्यावरचा वरवंटा, ओला टॉवेल वाळत घातल्यावर कसा लोंबतो तो, आज्जीचा चष्मा.

एकदा आम्ही किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेलो. १२०४ साली रट्टांच्या मंत्र्यानं बांधलेलं ते मंदिर, आत नेमिनाथ. मंडपाच्या छताला दगडी कमळ उलटं लोंबतं. मी लहानपणापासून ते पाहत आले आहे, पण लेकीनं जमिनीवर उताणं पडून ते काढायला घेतलं तेव्हा पाकळ्यांचा एकावर एक चढणारा क्रम मला पहिल्यांदा दिसला. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नातीला नेमिनाथांची गोष्ट परत सांगितली. वरात निघाली होती, वाटेत लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकू आला, आणि नेमिकुमारांनी रथ फिरवला. लग्न तिथंच सुटलं. लेक पेन्सिल न थांबवता म्हणाली, “आज्जी, आणि नवऱ्याच्या अंगावर काय होतं?”

“म्हणजे?”

“राजाचा मुलगा. लग्नाला रेशमीच नेसला असणार की. मग रेशमाच्या किड्यांचा आक्रोश?”

“किड्यांचा आवाज येत नाही बाई,” सासूबाई म्हणाल्या. नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

हे सांगायला पाहिजे की रेशमाचा विषय आमच्या घरात नवा नव्हता. पूर्वी आमच्यात पूजेला सोवळं म्हणून रेशमीच नेसायचे. मग कुठल्याशा चातुर्मासात एका महाराजांनी प्रवचनात रेशीम कसं निघतं ते सांगितलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी रेशीम सोडलं. त्यांच्याकडं एक इरकल होती, आईनं पहिल्या मुलाच्या वेळी दिलेली. माहेर भोजच्या बाजूचं, शेतकरी, देऊन देऊन काय देणार? जांभळं अंग, तांबडा पदर, त्यावर पांढरे पट्टे. अंग सुती, पण पदर रेशमाचा म्हणून त्यांनी ती ट्रंकेत तळाला घातली. टाकून द्यायला जीव झाला नाही. मी सून म्हणून आले तेव्हापासून ती साडी मी ट्रंकेतच पाहिली आहे. दरवर्षी दसऱ्याआधी बाहेर निघते, ऊन खाते, परत आत जाते.

मी मात्र रेशीम सोडलं नाही. माझा लग्नाचा बनारसी शालू कपाटात आहे. आतापर्यंत पाच-सहा लग्नांत नेसले. मी पाणी गाळून पिते, गाळल्यावर उरलेलं जीवाणी जपून परत पाण्यात सोडायचं ते लेकीला मीच शिकवलं. कंदमूळ खात नाही. पण कपाटाच्या दारापाशी आलं की माझा धर्म थांबत होता, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

डिसेंबरात आम्ही दोघी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूरला गेलो. कॉलेज आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढंच ठरलं होतं. माझी चुलतबहीण तिथं असते. निफ्टचं आवार पाहिलं. मुलं जमिनीवर कागद पसरून बसली होती. कुणाच्या मानेवर टेप, कुणाच्या बोटाला पट्टी. पुतळ्यावर टाचण्या लावून कापड चढवायचं काम चाललं होतं. बाहेर व्हरांड्यात एक मुलगी झोपली होती, उशाला कापडाचा गठ्ठा. म्हणजे इथं काम करून घेतात, एवढं मला पटलं. मेसमध्ये बटाटा आणि कांदा सगळ्यात होता. हे मी वहीत ‘राहणार कुठं’च्या खाली लिहिलं, आणि त्याखाली ‘खोली घेऊन दोघी-तिघी मिळून स्वयंपाक?’ असंही लिहिलं.

एक बाई भेटल्या, तिथं शिकवणाऱ्या. वेळ काढून आमच्याशी बोलल्या. मी माझे प्रश्न विचारले, त्यांनी सरळ उत्तरं दिली. बहुतेक मुलं स्वतःच्या नावाचं लेबल काढत नाहीत, म्हणाल्या. कपड्यांच्या निर्यात कंपन्यांत, ब्रँडच्या ऑफिसांत, डिझाईन आणि मर्चंडायझिंगच्या कामांना लागतात. पहिली दोन-तीन वर्षं पगार बेताचा, काम मरणाचं. मी लिहून घेत होते. तेवढ्यात लेकीनं विचारलं, “मॅडम, रेशीम आणि चामडं वापरायचं नाही असं ठरवलं तर इथं शिकता येतंय का?”

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता.

बाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. म्हणाल्या, “लेदर डिझाईन हा वेगळा कोर्स आहे, तो घेऊ नकोस. प्रोजेक्ट तू सुतात करू शकतेस. पण रेशीम काय असतं, कसं विणलं जातं, कसं पडतं हे तुला शिकावं लागेल, हात लावावा लागेल. जे सोडायचं आहे ते न ओळखता सोडलंस तर ती फक्त सवय झाली.” मग थोड्या हसल्या. “आणि नोकरीत तुला कोणी विचारणार नाही. तिथं काय करायचं, हे तुझं तुला ठरवायला लागेल.”

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या नवऱ्याला रामनगरला काम होतं. बेंगळूरहून म्हैसूर रस्त्यानं पन्नासेक किलोमीटर. लेक हट्टानं त्यांच्याबरोबर निघाली, म्हणून मी निघाले. ‘शोले’ तिथल्या खडकांत झाला हे सगळ्यांना माहीत असतं. रेशीमकोषांचा आशियातला सर्वांत मोठा समजला जाणारा बाजार तिथं आहे, हे मला माहीत नव्हतं. मोठ्या शेडमध्ये शेतकऱ्यांचे कोष ढिगानं पसरलेले. पांढरे, पिवळसर, भुईमुगाच्या शेंगेएवढे. लिलाव चाललेला. मी एक कोष उचलला, हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. मी तो खाली ठेवला.

जवळच एका घरात सूत काढायचं काम होतं. बहिणीच्या नवऱ्याची तिथं ओळख होती. उकळतं म्हणावं इतकं गरम पाणी, त्यात कोष. बाया त्यांतून तोंडं शोधून सात-आठ धागे एकत्र रहाटावर चढवत होत्या. एका कोषात एकच सलग धागा असतो, जवळजवळ एक किलोमीटरचा. पतंग आतून बाहेर पडला तर तो कोष फोडतो आणि धागा तुटतो, म्हणून त्याला बाहेर पडू द्यायचं नाही. सूत निघून गेलं की पाण्यात तपकिरी अळीएवढं काहीतरी उरतं. ते एका टोपलीत जमा होत होतं. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. त्या बायांचे हात पांढरे, सुरकुतलेले झाले होते, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. एकीनं कन्नडमध्ये लेकीला विचारलं, “शाळेला जातीस?” लेक म्हणाली, “कपड्यांचं शिकणार आहे.” ती बाई हसली आणि म्हणाली, “मग आमचं रेशीम घे हं.”

परतताना लेक खिडकीबाहेर बघत होती. खूप वेळानं म्हणाली, “आई, त्या टोपलीतल्या किड्यांसाठी मी रेशीम सोडलं, तर त्या बाईंनी काय करायचं?”

मला उत्तर आलं नाही. घरी आल्यावर मी ते सासूबाईंना विचारलं, त्यांनी आमच्या स्वाध्यायातल्या आक्कांना विचारलं, आणि एका मंगळवारी मंदिराच्या ओसरीवर आठ-दहा बाया या एका प्रश्नावर बसल्या. आपल्यात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. जाणूनबुजून ठरवून केलेली ती संकल्पी. चूल, केरवारा, दळणकांडण यांत होते ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. स्वतःच्या नाहीतर दुसऱ्याच्या बचावात होते ती विरोधी. श्रावकानं संकल्पी तर पूर्ण सोडायची, बाकीच्या जमेल तेवढ्या कमी करायच्या. आता रेशीम कशात बसवायचं? एक म्हणाली, किडा मारल्याशिवाय धागाच नाही, मग ती संकल्पीच. दुसरी म्हणाली, काढणाऱ्याची उद्योगी, नेसणारीची संकल्पी. तिसरीनं माझ्याकडं पाहून विचारलं, “आणि कापूस? कापसावर औषध मारत नाहीत काय?”

तो बाण मला लागला. माझे अण्णा निपाणीकडं तंबाखू करायचे. पाठीवर पंप बांधून फवारणी करताना मी त्यांना पाहिलंय. पानांवरून अळ्या टपटप पडायच्या. रात्री अण्णा सामायिक करायला बसायचे. त्या अळ्यांसाठी क्षमा मागत होते की नाही, मी कधी विचारलं नाही. आमच्या ताटात जे आलं ते त्याच पैशातून आलं.

लेकीनं दरम्यान अहिंसा रेशमाचं शोधून काढलं होतं. हैदराबादच्या हातमाग संस्थेत काम करणारे कुसुमा राजय्या. १९९० च्या सुमाराला राष्ट्रपती वेंकटरमण यांच्या पत्नी जानकी यांनी विचारलं, किडे न मारता केलेली रेशमी साडी मिळेल का? त्या प्रश्नातून त्यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोषांचं सूत काढायला सुरुवात केली. त्याचं पेटंटही घेतलं. धागा तुटका, म्हणून रहाटावर ओढता येत नाही, कापसासारखा कातावा लागतो. चमक कमी, किंमत जास्त. सासूबाई खूश झाल्या. “म्हणजे महाराजांच्या पिंछीसारखं! मोराला धक्का लावायचा नाही, आपणहून गळलेली पिसं घ्यायची.” लेक म्हणाली, “तसं वाटतंय खरं. पण आज्जी, तो पाळीव पतंग उडूच शकत नाही. बाहेर येतो, अंडी घालतो आणि थोड्या दिवसांत मरतो. त्या सगळ्या अंड्यांचं काय करायचं?” सासूबाई म्हणाल्या, “तू वकील हो.”

त्या आठवड्यातच तिनं तंतू ओळखायची चाचणी वाचली. कापडातला एक धागा काढायचा, चिमट्यात धरायचा आणि जाळायचा. सूत भराभर जळतं, कागद जळाल्याचा वास येतो, राख करडी आणि मऊ. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. रेशीम हळूहळू, आखडत जळतं, केस जळाल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की बहुतेक आपणच विझतं, आणि उरलेला काळा मणी बोटांत चुरडतो. कारण रेशीम हे केसासारखंच, अंगातून आलेलं.

दुपारी तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर मेणबत्ती लावली. सुरुवात पायपुसण्यापासून झाली. मग यांचा शर्ट, ज्याला हे वर्षभर ‘प्युअर कॉटन’ म्हणत होते. त्यानं सरळ मणी केला. जावेच्या ड्रेसची ओढणी, माझा ब्लाऊज. घरभर वास सुटला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी कपाट उघडलं, शालू आणला. पदराच्या शेवटाला सुटलेला एक धागा तिनं कात्रीनं अलगद कापला. एवढासा, बोटाच्या पेराएवढा. ज्योतीला लावला. तो आखडला, आणि माझ्या लग्नाच्या शालूला केस जळाल्याचा वास आला. वीस वर्षं मी त्याला कापूर आणि वेखंडाचा वास येतो असं समजत होते.

लेक काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. इरकल घेऊन आल्या आणि ओट्यावर ठेवली. “हिचा पण बघ,” म्हणाल्या. “पंचवीस वर्षं झाली. किती पाप ते एकदा कळू दे.”

लेकीनं तांबड्या पदराचा एक धागा ओढला. तो चमकदार होता, शालूपेक्षा जास्तच. ज्योतीला लावला मात्र, तो भस्सकन पेटला. कागदाचा वास. राख फुंकरीसरशी उडाली.

तिनं परत एक धागा घेतला. परत कागद. तिसऱ्यांदा तिनं तो मला हुंगायला दिला. मग ती ओट्याला टेकून हसायलाच लागली. “आज्जी, हे रेशीमच नाही! हे आर्ट सिल्क. रेयॉन. झाडाच्या लगद्यातून काढतात ते. इरकलच्या पदराला कधीपासून तेच वापरतात, स्वस्त पडतंय म्हणून.”

सासूबाईंना ते समजायला थोडा वेळ लागला. त्या साडीवरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आईनं खोटं रेशीम दिलं म्हणून वाईट वाटत असेल. पण त्या म्हणाल्या, “आईकडं पैसे नव्हतेच गे. मला म्हणाली होती, रेशमी आहे म्हणून. माझ्या सासूसमोर मान खाली जाऊ नये म्हणून म्हणाली असणार.” मग डोळे पुसून, “गरिबीनं वाचवलं बघ मला.”

त्या पुढच्या रविवारी सासूबाई इरकल नेसून मंदिरात गेल्या. घड्यांवर थोडी विरली होती, लेकीनं मागून बारीक रफू करून दिलं. ओसरीवरच्या बायांना त्या पदर पुढं करून सांगत होत्या, “झाडाचं आहे, झाडाचं. नातीनं जाळून बघितलंय.”

फॉर्म भरायच्या दिवशी हेही शेजारी येऊन बसले. मी वही उघडून तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. खर्चाचा आकडा ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले, “त्या हॉटेलवाल्यांपेक्षा बराच आहे.” राहायचं बघता येईल म्हणाले. ‘पुढं काय’ याला मी बेंगळूरच्या बाईंनी सांगितलं तेच सांगितलं, काही साखर न लावता. कोर्सांचा पसंतीक्रम पुढं कौन्सेलिंगला ठरवायचा असतो, पण लेकीनं वहीच्या शेवटच्या पानावर तो आत्ताच लिहून ठेवलाय. पहिलं टेक्स्टाईल, दुसरं निटवेअर, तिसरं फॅशन. लेदर लिहून त्यावर काट मारली आहे. मी विचारलं, “नुसतं सोडून द्यायचं की, लिहून खोडायचं कशाला?”

“विचार केलाय हे कळायला नको?” म्हणाली.

टेक्स्टाईल पहिलं का, तेही तिनं सांगितलं. कपडा करणाऱ्याच्या हातात तयार कापड येतं. कापड करणाऱ्याला आधी धागा निवडावा लागतो. तिला तिथून सुरुवात करायची आहे. परीक्षा व्हायची आहे, निकाल काय लागेल ते अजून कोणाला माहीत नाही. रामनगरच्या त्या बाईंनी काय करायचं, याचं उत्तर आमच्या घरात अजून कोणाकडं नाही. ते वहीत चौथा प्रश्न म्हणून मी लिहून ठेवलंय.

शालूचं काय करू, हे मी लेकीलाच विचारलं. मला वाटलं, कोणाला तरी देऊन टाक म्हणेल, म्हणजे माझी सुटका होईल. ती म्हणाली, “ते तुझं तू ठरव आई.” पुढच्या महिन्यात भाच्याचं लग्न आहे. शालू कपाटात घडी घालून ठेवलाय. पदराला एका जागी, जिथनं धागा कापला तिथं, बारीकशी फट दिसते. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही.